बिनछपराच्या कला आणि नाशिकचा आराखडा

रंगपंचमीच्या दोन-चार दिवस आधी जुन्या नाशकात भर चौकात रस्ता उकरला जातो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी रस्त्याच्या पोटात पेशवेकाळापासूनच्या दगडी रहाडी, म्हणजे हौद, आहेत. वर्षभर त्या लाकडी ओंडक्यांखाली आणि मातीखाली झाकलेल्या असतात. वरून हातगाड्या जातात, दुचाक्या जातात, वराती जातात. पंचमीला त्या उघडायच्या, धुवून काढायच्या, रंगाच्या पाण्याने भरायच्या, मानकऱ्यांनी पूजा करायची आणि मग दिवसभर गल्लीतल्या पोरांनी, म्हाताऱ्यांनी, पाहुण्यांनी त्यात धप्पे मारायचे, असा हा क्रम आहे. पूर्वी रहाडी आजच्यापेक्षा बऱ्याच जास्त होत्या. रस्तारुंदी, गटारे, डांबर आणि काँक्रीट यांच्या थरांखाली कितीतरी गेल्या. त्या बुजवाव्यात असे कुणी ठरवले नव्हते, त्यांच्यावर कुणाचा रागही नव्हता. विकास आराखड्याच्या नकाशावर तो चौक म्हणजे रस्ता, आणि रस्त्याखाली सण असू शकतो ही शक्यता नकाशा काढणाऱ्याला नोंदवता येत नाही, कारण तशी खूणच त्याच्याकडे नसते. शहराचे नियोजन आणि शहराच्या कला यांचे जे नाते पुढच्या पानांत तपासायचे आहे, त्यातली बहुतेक हानी अशीच, कुणाच्या हेतूवाचून झालेली आहे.

आराखड्याची भाषा रंगांची असते. निवासी भाग पिवळा, उद्योग जांभळे, बागा हिरव्या. जमिनीच्या एका तुकड्याला एक रंग, एक वापर, आणि तोही बारा महिने. परवानग्या, मूल्यांकन, कर यांच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. नाशिक मात्र असे कधी वागलेले नाही. गोदाघाटच घ्या. मे महिन्यात देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर शंभरी ओलांडलेली वसंत व्याख्यानमाला भरते. उघडे आकाश, नदीवरचा वारा आणि तिकीट नाही. दर बुधवारी त्याच काठाने बाजार बसतो. पावसाळ्यात पटांगण पाण्याखाली जाते आणि सारे शहर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले यावरून पुराचा अंदाज बांधते. दिवाळीनंतर छठपूजेला उत्तर भारतीय कुटुंबे रामकुंडाकडे येतात. एरवी दशक्रिया, पूजापाठ, आणि देवळांची शिखरे जलरंगात उतरवत बसलेले चित्रकलेचे विद्यार्थी. या जागेला कोणता रंग द्यायचा? माझे म्हणणे असे आहे की नाशिकच्या बहुतेक कला आणि सण बिनछपराचे आहेत. ते दुसऱ्याच कामासाठी असलेल्या जागांवर, ठरावीक काळापुरते आणि जवळजवळ फुकटात उभे राहतात. आपले नियोजन मात्र छप्पर असलेल्या संस्कृतीलाच ओळखते. त्यामुळे सांस्कृतिक विविधतेसाठी काहीतरी करा म्हटले की आणखी एका भव्य संकुलाचे संकल्पचित्र पुढे येते. हा मार्ग महागही आहे आणि चुकीचाही. जपायला हव्यात त्या लहान, स्वस्त, अनेक उपयोगांच्या जागा आणि त्यांच्याबरोबर त्या वापरण्याच्या वेळा.

कायदा याबाबतीत मुका आहे असे मात्र म्हणता येणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये आराखड्यात कशाकशासाठी जमीन राखावी याची यादी आहे. शाळा, दवाखाने आणि बाजार यांच्याबरोबरीने तीत सांस्कृतिक संस्था, नाट्यगृहे, वस्तुसंग्रहालये, कलादालने, सार्वजनिक करमणुकीच्या आणि सभांच्या जागा यांची नावे आहेत. कला ही चैन आहे असे मानणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. अडचण एवढीच की ही यादी मुख्यतः इमारतींची आहे, आणि तिचा अर्थ लावणाऱ्यांनी तर ती केवळ इमारतींचीच करून टाकली. वास्तविक इमारत नसलेल्या संस्कृतीसाठी जमीन राखता येते, हे नाशिकइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असणार? तपोवनातली जमीन साधुग्रामासाठी आराखड्यात राखीव आहे. बारा वर्षांतून एकदा, काही महिन्यांपुरत्या उभ्या राहणाऱ्या वस्तीसाठी शहर मोक्याची जमीन धरून ठेवते, तिथे पाणी, वीज, शौचालये, दवाखाने, पोलीस यांचे नियोजन करते. आगामी सिंहस्थासाठी तर २०२५ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण हे स्वतंत्र प्राधिकरणच स्थापन झाले. तात्पुरती, उघड्यावरची, प्रचंड गर्दीची संस्कृती आपल्या यंत्रणेला पेलते याचा याहून मोठा पुरावा नको. ती पेलते कारण तिच्यामागे धर्माचे, अर्थकारणाचे आणि राजकारणाचे वजन आहे. एका टोकाला सिंहस्थ आणि दुसऱ्या टोकाला वातानुकूलित नाट्यगृह. या दोहोंच्या मधे जे काही आहे, त्याला वाली नाही.

आणि मधे पुष्कळ आहे. १९८२ साली महापालिका झाली ती नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची खेडी एकत्र करून. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर गेलेली होती. या गावांचे एक गाव झाले ते कागदावर. सिडकोने वसवलेल्या नव्या नाशकात आणि सातपूर-अंबडच्या कामगार वसाहतींत धुळे, जळगाव, मालेगाव, कळवण, बागलाण इथून आलेली अहिराणी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. श्रावणात रविवारी तिथे कानबाई बसते, रोट होतात आणि सोमवारी गल्लीगल्लीतून नाचत-गात मिरवणूक विसर्जनाला निघते. सिडकोच्या घरकुलाच्या पुढच्या खोलीत हा सण मावत नाही; गल्लीच त्याचे सभागृह असते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक यांच्या मागोमाग जी गायनपार्ट्यांची परंपरा वाढली, ती वाढली बुद्धविहारांच्या अंगणात, चौकातल्या मंडपासमोर, रस्त्यावर अंथरलेल्या सतरंज्यांवर. सारडा सर्कलजवळच्या इमामशाहीत मोहरमला हळिवाचे दाणे रुजवून हिरवा केलेला ताबूत निघतो, आणि त्याच्या वाटेवर नवस फेडणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. नाशिकरोडला नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यांतल्या कामगारांनी नाटके केली. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा हा तिथल्या अनेक नटांचा पहिला रंगमंच. शहराच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूलकडे कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर बोहाडा होतो: देवादिकांचे मुखवटे चढवलेली सोंगे संबळाच्या ठेक्यावर रात्रभर गावाच्या वाटेने नाचत येतात. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात आहे, त्या भागातली असंख्य मुलेमुली इथल्या वसतिगृहांत राहून शिकतात, तरी शहरात हा वारसा येतो तो बहुधा भिंतीवरचे वारली चित्र म्हणून किंवा मंत्र्यांच्या स्वागताचे नृत्य म्हणून. बोहाड्याला रंगमंच लागत नाही. सोंगाला चालत येता येईल अशी वाट आणि पहाटेपर्यंतची रात्र लागते. या दोन्ही गोष्टी शहर कुणाला सहजी देत नाही.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर तो नीट पाहायला हवा, कारण जमिनीइतकीच वेळेचीही वाटणी होत असते आणि तिच्याकडे नियोजनकारांचे लक्षच नसते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही त्यात आली. अपवाद बंदिस्त जागांचा: नाट्यगृह, सभागृह, मेजवानीचे हॉल. उघड्यावरच्या सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. नियमाचा हेतू रास्त आहे. दवाखान्यातला रुग्ण, परीक्षेचा विद्यार्थी, पहाटेच्या पाळीला निघणारा कामगार यांची झोप कोणत्याही गाण्यापेक्षा कमी मोलाची नाही. पण परिणाम पाहा. ज्याच्याकडे बंदिस्त सभागृहाचे भाडे आहे त्याची मैफल रात्री अकरालाही कायदेशीर. ज्याच्याकडे फक्त अंगण आहे त्याचे जागरण बेकायदा. पंधरा दिवसांची सूट बहुतांशी मोठ्या उत्सवांत खर्ची पडते. खंडोबाचे जागरण, गोंधळ, उरुसातली कव्वाली, बोहाडा हे प्रकार मुळातच रात्रीचे आहेत, त्यांची रचनाच रात्र उलटण्यावर बेतलेली आहे, आणि त्यांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. सूट द्यायच्या दिवसांपैकी काही दिवस स्थानिक गरजेप्रमाणे ठरवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना दिली जाते. ते दिवस मागणाऱ्याच्या आवाजावरून न देता शहरातल्या लहान परंपरांसाठी आधीच जाहीर केले, आणि दवाखान्या-वसतिगृहांपासून लांबची दोन-चार मैदाने त्यासाठी नेमून दिली, तर नियम न मोडता पुष्कळ साधेल. गणपतीआधीच्या महिन्यात ढोलपथकांच्या सरावावरून सोसायट्यांत दरवर्षी भांडणे होतात. नाशिक ढोलाचे नाव देशभर आहे, पण तो बडवायला शिकायचे कुठे याचे उत्तर शहराकडे नाही. इंग्लंडने २०१८ साली राष्ट्रीय नियोजन धोरणात एक साधे तत्त्व घातले: आधीपासून चालू असलेल्या संगीतस्थळाशेजारी जो नवी वस्ती बांधेल, आवाजापासून बचावाची तजवीज त्यानेच करायची. आपल्याकडे मैदानाशेजारी ‘मैदानाचे दर्शन’ म्हणून फ्लॅट विकले जातात आणि मग मैदानावरचा ढोल बंद करण्याचे अर्ज येतात. बांधकाम परवानगीत एका अटीने हे टळू शकते.

जागा आणि वेळ यांच्याबरोबर तिसरी गोष्ट भाडे. महाकवी कालिदास कलामंदिराचे नूतनीकरण स्मार्ट सिटी योजनेतून २०१७-१८ मध्ये झाले. ते आवश्यकच होते. त्याआधीच्या दुरवस्थेवर कलावंतांनी जाहीर बोटे ठेवली होती. नूतनीकरणानंतर भाडे वाढले आणि स्थानिक नाट्यसंस्थांनी नाराजी व्यक्त केली. यात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखे आहे: चांगली यंत्रणा फुकट चालत नाही, आणि हौशी संस्था व्यावसायिक दराने जगत नाही. पण नाट्यगृहाच्या भाड्यावर सगळी चर्चा थांबते, आणि नाटक घडते कुठे हा प्रश्न मागेच राहतो. प्रयोग अडीच तासांचा. त्याआधीचे दीड-दोन महिने नाटक तालमीच्या जागेत असते. १९५४ पासून चालत आलेली राज्य हौशी नाट्यस्पर्धा असो, एकांकिका असो की बालनाट्य, त्यांच्या तालमी शाळेच्या वर्गात, एखाद्या वाड्याच्या माडीवर, सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेच्या (ही संस्था १८४० सालची) एखाद्या खोलीत, कुणाच्या तरी रिकाम्या गाळ्यात होत आल्या. शिरवाडकर आणि कानेटकर ज्या गावात राहून लिहीत होते, त्या गावात नाटके बसवायला खोली मिळत होती, ही गोष्ट त्यांच्या प्रतिभेइतकी नसली तरी काही थोडी महत्त्वाची नाही. नव्या कल्पना जुन्या इमारतींत वाढतात, कारण जुन्या इमारतीचे भाडे परवडते, असा युक्तिवाद जेन जेकब्ज यांनी १९६१ साली अमेरिकन शहरांविषयी केला होता. जुन्या नाशकातले वाडे मालक-भाडेकरूंच्या वादात आणि दर पावसाळ्याच्या पडझडीत संपत आहेत. ते सगळे जपा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. धोकादायक वाड्यात माणसे मरतात. परंतु वाडा जातो तेव्हा त्याच्याबरोबर स्वस्त जागा जाते, आणि नव्या इमारतीत तळमजल्याचे चौरस फुटाचे दर तालमीला कधीच परवडत नाहीत. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (२०२०) आरक्षित जागेवर मालकाने सार्वजनिक सुविधा बांधून द्यावी आणि मोबदल्यात बांधकामाचा हक्क घ्यावा, याची वाट मोकळी करते. त्या सुविधांत एक हजार आसनांच्या सभागृहाऐवजी साध्या फरशीच्या, आरसा नि दिव्याची सोय असलेल्या, तासावर मिळणाऱ्या खोल्या मागता येतील. सिनेमाचेही तेच. दादासाहेब फाळके यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी ज्या शहरात उभी राहिली, तिथे आज लघुपट काढू पाहणाऱ्या मुलांना गरज आहे ती अशा एखाद्या खोलीची.

जागा कुठे, हाही प्रश्न आहेच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग कुस्तीचे मैदान आणि १९१५ साली त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे केले. नाटक आणि कुस्ती, दोन वेगळ्या वर्गांचे दोन शौक, एकमेकांना पाठ टेकून आणि गावाच्या मध्यभागी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा कुस्तीवाल्यांपासून कीर्तनकारांपर्यंत सारे शहर हळहळले. या शेजाराचा त्यात वाटा असणार. नाशकात २०२१ च्या डिसेंबरमध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच वेळी भरले. पहिले आडगावजवळच्या भुजबळ नॉलेज सिटीत, शहराच्या कडेला. दुसरे केटीएचएम महाविद्यालयाच्या मैदानावर, गंगापूर रोडला. मतभेद बाजूला ठेवले तरी नियोजनाच्या विद्यार्थ्याने यातून एक निरीक्षण उचलावे: वाहन असणाऱ्याला आडगाव दूर नाही, पण शहर बसने येणाऱ्या महाविद्यालयीन मुलीला रात्री परतताना ते फार दूर आहे. सांस्कृतिक जागा स्वस्त जमिनीच्या शोधात रिंगरोडबाहेर ढकलल्या की प्रेक्षकांची चाळणी आपोआप होते, तिकीट कितीही कमी ठेवा.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की ज्या शहरात उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि पावसाळ्यात सराफ बाजारात पाणी शिरते, तिथे आधी नळ आणि गटारे, मग गाणी. या क्रमाशी भांडायचे कारण नाही. पण मी जे मागतो आहे त्यात पैसा कमी आणि नोंद जास्त आहे. रहाडीची जागा नकाशावर दाखवायला, गल्लीच्या काँक्रीटीकरणाआधी तिथे काय होते ते विचारायला, शाळेची मैदाने सुटीनंतर खुली ठेवायला कोटी लागत नाहीत. खर्च लागतो तो देखभालीला, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच बोंब आहे: बांधायला निधी असतो, झाडू मारायला नसतो. या बाबतीत नाशिकच्याच एका जुन्या कागदपत्राकडे, म्हणजे दगडावरच्या लेखाकडे, पाहण्यासारखे आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने त्रिरश्मी डोंगरावर लेणे खोदवून भिक्षुसंघाला दिले. देऊन तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मोठ्या ठेवीच्या वार्षिक २४० कार्षापणांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे, मुद्दल मोडायचे नाही, आणि हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवून ठेवला. वास्तू, ती वापरणाऱ्यांचा चालू खर्च, तो सांभाळणारी कारागिरांची संस्था आणि सार्वजनिक नोंद, हे चारही दुवे एका व्यवहारात. आज कुठल्याही सांस्कृतिक भवनाच्या कोनशिलेवर यातले पहिलेच तेवढे कोरलेले असते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. संस्कृती ही लोकांची. सरकार तिच्यात शिरले की ती सरकारी होते. या भीतीला महाराष्ट्रात भक्कम इतिहास आहे. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी आणला आणि त्याच कायद्याच्या बळावर १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर बंदी आली. त्याच्या थोडे आधी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या होत्या. नाट्यगृह ही राज्यकर्त्यांना धास्ती वाटणारी जागा असते, आणि स्वातंत्र्यानंतरही नाटकाची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आपण सोडलेली नाही. म्हणून मर्यादा स्पष्ट हवी: महापालिकेने जागा, वेळ आणि भाडे पाहावे; काय गायचे, काय खेळायचे यात तिचा हात नको. मात्र ‘लोकांवर सोडा’ म्हणणारे एक गृहीत धरतात, की लोकांवर सोडलेली जागा सर्वांची असते. नाशिकने हे गृहीत खोटे ठरलेले पाहिले आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. मंदिर उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. परंपरेवर सोडलेल्या जागेत काही जणांचे पाऊल पिढ्यानुपिढ्या पडू दिले गेले नव्हते. घाट, चौक, पटांगण यांचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही. जुनी मोकळी जागा आपोआप समतेची होत नाही. ती सर्वांना मिळण्यासाठी नियम लागतात, नोंदवही लागते आणि नकार मिळालेल्याला दाद मागता येईल असे ठिकाण लागते. इथे सरकारची गरज आहे, आणि एवढ्यापुरतीच आहे.

विविधतेच्या नावाखाली प्रत्येक समाजाला आपापले भवन हवे होईल, अशीही शंका घेतली जाते. ती शंका नाही, वस्तुस्थितीच आहे. नगरसेवकांच्या आणि आमदारांच्या निधीतून समाजमंदिरे, सभामंडप, व्यायामशाळा, अभ्यासिका, विरंगुळा केंद्रे गल्लोगल्ली झाली. पुष्कळ ठिकाणी किल्ली एका मंडळाकडे आणि बाकीच्यांसाठी दाराला कुलूप. मग लेखापरीक्षण येते. महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे मिळकत बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही, म्हणून रेडीरेकनरने भाडे मागितले जाते आणि खरोखर काम करणारे वाचनालयही त्याच चरकात सापडते. माझ्या मते या वास्तू ही शहराची सर्वांत दुर्लक्षित सांस्कृतिक संपत्ती आहे. नवे काही न बांधता केवळ त्यांचे कुलूप काढले, तासाचा दर ठरवला, आठवड्याचे वेळापत्रक दारावर आणि मोबाइलवर लावले, तर सकाळी अभ्यासिका, दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी पथनाट्याची तालीम आणि रविवारी अहिराणी कविसंमेलन एकाच खोलीत होईल. स्वतंत्र भवने माणसांना वेगळी ठेवतात. एकच खोली पाळीपाळीने वापरणारे लोक निदान दारात एकमेकांना भेटतात, चपला कुणाच्या कुठे यावरून भांडतात.

हे सगळे आत्ताच का, याला तारखांचे उत्तर आहे. नाशिकचा सध्याचा विकास आराखडा २०१७ च्या सुरुवातीला मंजूर झाला. त्याआधीचा १९९३ सालचा होता. १९६६ च्या अधिनियमाचे कलम १२७ सांगते की आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्य आहे; त्याची जमीन अनंत काळ अडकवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण दहा वर्षांची ही मुदत २०२७ मध्ये भरते, म्हणजे नेमकी सिंहस्थाच्या वर्षात, जेव्हा महापालिकेचे सारे मनुष्यबळ आणि सारे पैसे रस्ते आणि घाट यांवर लागलेले असतील. खेळाच्या मैदानांची, नाट्यगृहांची, ग्रंथालयांची, सांस्कृतिक केंद्रांची जी आरक्षणे कागदावरच राहिली असतील, त्यांच्यावर सूचना येऊ लागतील, आणि उत्तर द्यायला वेळ व निधी दोन्ही नसतील. शाळा आणि दवाखाने यांच्या आरक्षणामागे निदान एखादे खाते उभे राहते. तालमीच्या खोलीमागे कोण उभे राहणार? आरक्षणांची यादी महापालिकेच्या नगररचना विभागात आहे. तीत सांस्कृतिक वापराच्या आणि मैदानांच्या किती जागा ताब्यात आल्या, किती यायच्या आहेत, त्यांतल्या कोणत्या ठिकाणी आज प्रत्यक्ष काय चालते, कोणती पथके सराव करतात, कुठे कानबाई जाते, कुठे भीमगीतांचा मंडप पडतो, ही प्रभागवार माहिती २०२७ उजाडण्याआधी नाट्यपरिषदेने, वाचनालयांनी, ढोलपथकांनी आणि जयंती मंडळांनी मिळून मागून घ्यायला हवी, आणि रहाडींच्या जागा त्या यादीत नव्याने घालून द्यायला हव्यात.